सांबाराची जुडी आणि कुलूपबंद मैदान

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या ले-आउटमधले एक गृहस्थ सह्यांचा कागद घेऊन दारात उभे राहिले. नागपुरात बेसा रोडच्या बाजूची आमची वस्ती. दर शनिवारी दुपारी चारनंतर वस्तीच्या मुख्य रस्त्यावर भाजीबाजार भरतो तो रात्री नऊ-साडेनऊपर्यंत. कागदावर मजकूर नेहमीचाच होता : वाहतुकीस अडथळा, अस्वच्छता, मोकाट जनावरे, सबब सदर अनधिकृत बाजार तात्काळ हटविण्यात यावा. खाली चाळीसेक सह्या. त्यातल्या निम्म्या लोकांना मी त्याच बाजारात थैली धरून उभं राहिलेलं पाहिलं आहे.

तक्रार खोटी नाही, हे आधीच सांगतो. गेल्या पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळीच शेजारच्या आजोबांना दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि अ‍ॅम्ब्युलन्स कोपऱ्यावर अडकून पडली. शेवटी दोन ठेलेवाल्यांनीच ठेले बाजूला ढकलून वाट करून दिली, पण तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. रविवारी सकाळी रस्त्यावर पानकोबीच्या पानांचा चिखल असतो आणि त्यात गाई उभ्या असतात. तरीही मी सही केली नाही. का केली नाही, ते त्या गृहस्थांना दारात उभ्या उभ्या धड सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो आहे.

आमच्या बाजारात विजेच्या खांबाखाली एक मावशी बसते. नागपूरच्या पूर्वेच्या कुही तालुक्याकडची. दोन गाठोडी आणि एक टोपली, एवढं तिचं दुकान. गाठोड्यात सांबार आणि पालक, टोपलीत वांगी. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या माणसाला सांबार म्हटलं की इडलीची आठवण येते. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात सांबारवडी झाली नाही तर त्या घरात काहीतरी बिनसलं आहे असं समजावं. पावसाळ्यात तिच्याकडे काटवल (कर्टोली) असते, कधी तरोटा (टाकळा), कधी धोप्याची, म्हणजे अळूची पानं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की ती सांबारावर ओलं पोतं टाकते आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी त्यावर पाणी शिंपडते. पाणी पानठेल्यावरून भरून आणलेल्या बाटलीतलं. ते ती भाजीला पाजते, स्वतः पीत नाही. एकदा मी म्हटलं, मावशी, दोन घोट घ्या तरी. तर म्हणाली, ‘‘पाणी पेलं का मंग जाऊ कुठं, भाऊ?’’ जवळ मुतारी नाही. दुपारी दोनला घरून निघालेली बाई रात्री दहाला घरी पोचेपर्यंत कोरडीच राहते.

आता याच शहराची गावठाणाकडची नावं आठवून पाहा. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. आठवड्याचे वारच्या वार नकाशावर बसलेत. आपण ही नावं रोज घेतो, रिक्षावाल्याला सांगतो, पत्त्यात लिहितो. त्यामागे ज्या त्या दिवशी भरणारा बाजार आहे, हे डोक्यातही येत नाही. आधी बाजार भरायची जागा धरायची आणि मग भोवती वस्ती वाढू द्यायची, असं ज्या शहराने केलं, त्याच शहराच्या नव्या वस्त्यांत बाजाराला इंचभर जागा नाही. मनीषनगर, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, वाठोडा, झिंगाबाई टाकळी – कुठेही जा. ले-आउट पाडताना रस्ते आखले जातात, मैदान सुटतं, देवळाला जागा आपोआप निघते. तिथे राहायला येणारी हजार-दोन हजार माणसं भाजी कुठून घेतील, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडत नाही. मग बाजार आपली जागा आपणच शोधतो आणि रस्त्यावर बसतो. त्यानंतर त्याचं नाव अतिक्रमण.

याचं मूळ कायद्यात आहे असं मला वाटतं. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना आणि नगरपालिकांना कामांच्या दोन याद्या दिल्या. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. शेती आहे, दुग्धव्यवसाय आहे, ‘बाजार व जत्रा’ असा स्वतंत्र विषय आहे, सार्वजनिक वितरण व्यवस्थाही आहे. शहरांच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय. त्यात नगररचना, रस्ते, पाणी, अग्निशमन आहे. स्मशानभूमी आहे, कोंडवाडा आहे, कत्तलखान्यांचं नियमन आहे. शेती नाही, बाजार नाही, रेशन नाही. म्हणजे बेशासारखं गाव ग्रामपंचायत असताना बाजार हा त्याच्या यादीतला विषय होता; वस्ती वाढून नगरपंचायत झाली की तो यादीतून गळतो, आणि नेमकं तेव्हाच पिकवणारे कमी होऊन विकत घेऊन खाणारे वाढलेले असतात. मोकाट गाईला शहराच्या यादीत जागा आहे, ती जी भाजी खाते तिला नाही.

कोणी म्हणेल, महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात सार्वजनिक मंडया बांधणं आणि चालवणं हे काम दिलेलंच आहे. आहे, खरं आहे. पण त्या कायद्याच्या मनातली मंडई म्हणजे इमारत : गाळे, ओटे, परवाना, भाडं. आठवड्यातून एक संध्याकाळ पाच तास भरणारा आणि दोन गाठोड्यांवर चालणारा बाजार त्या चौकटीत बसत नाही. ओटे बांधून दिले की काही वर्षांत त्यांवर कोण बसतं, हे वेगळं सांगायला नको. ठोक व्यापाऱ्याचा माल ठेवायची ती जागा होते आणि मावशी पुन्हा बाहेर फूटपाथवर.

नागपूरचं पोट भरतं कसं, ते पाहायला पहाटे चारला कळमन्याच्या ठोक बाजारात जावं, नाहीतर कॉटन मार्केटला. जबलपूरचा वाटाणा, छिंदवाड्याची फुलकोबी, संगमनेरचे टमाटर. क्रेटवर क्रेट उतरतात, लिलाव होतो, हमाली-तोलाई लागते, आणि उजाडायच्या आत छोट्या हत्तीत किंवा ऑटोत माल शहरभर पसरतो. ही व्यवस्था वाईट नाही. २४ लाख लोकांचं शहर (२०११ च्या जनगणनेचा आकडा, आता कितीतरी जास्त असणार) कुहीच्या दोन गाठोड्यांवर जगू शकत नाही. पण कळमना शहराच्या पार पूर्व टोकाला. तिथून पश्चिमेच्या वाडीला किंवा हिंगणा रोडला भाजी पोचेपर्यंत मध्ये तीन हात लागतात आणि उन्हाळ्यात तिचा पार लगदा होतो. जवळच्या तालुक्यांतून, कुही, कामठी, कळमेश्वर, सावनेरकडून जी पालेभाजी सकाळी तोडून संध्याकाळी विकली जाते, तिला कळमन्याच्या मोठ्या तराजूवर किंमत नाही. वीस जुड्यांचा लिलाव कोण करणार? तिला आठवडी बाजारच लागतो. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शेतकरी आठवडी बाजारांचं अभियानही काढलं. शेतकऱ्याला आता कुठेही विकायची मोकळीक आहे. फक्त ते ‘कुठेही’ शहरात सापडत नाही.

रेशनचं तसं नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट मिळतं, आणि त्याने लाखो चुली पेटत्या राहिल्या. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीत मी नाही. पण धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला. आधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. म्हणजे वाढला. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, नुसत्या पालकाने तो जात नाही. पण ताटात भात भरपूर आणि भाजी बोटभर हे त्यातलं एक कारण नक्कीच. भाताची जबाबदारी सरकारने घेतली. त्या बोटभर भाजीची जबाबदारी कोणी घेतली?

माझ्या मते ती बाजार उठायच्या वेळेने घेतली आहे. रात्री साडेआठनंतर आमच्या बाजारात वेगळी माणसं येतात. बांधकामावरचे मजूर, घरकाम आटोपून परतणाऱ्या बाया, जवळच्या झोपडपट्टीतली पोरं. तेव्हा दहाची जुडी दहाला तीन होते, वांग्यांचा ढीगच्या ढीग वीस रुपयांत जातो. मावशीला ओझं परत न्यायचं नसतं, गिऱ्हाइकाला उद्याचा डबा भरायचा असतो. कुठल्या खात्याचा यात एक रुपया नाही. दहा मिनिटांत घरपोच भाजी आणणारी अ‍ॅपं आता आमच्याही वस्तीत आली आहेत. पाहुणे अचानक आले तेव्हा मीही मागवली आहे. पण अ‍ॅपवर बाजार उठत नाही. तिथे रात्री नऊलाही जुडीचा भाव तोच, शिवाय वर पोचवणावळ.

सरकार अन्नधोरण आखत नाही असं मी म्हणत नाही. बरेचदा ते नकळत आखतं, एवढंच. इतवारी–नागभीड नॅरोगेज गाडी ही नागपूरच्या पूर्वेकडच्या गावांची टोपल्यांची गाडी होती. कुही, उमरेड, भिवापूरकडून ती यायची. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली. रुंदीकरण हवंच होतं. पण मधल्या काळात टोपल्या कशा येणार, हे कोणाच्या फाइलीत असेल असं वाटत नाही. उलट २०२३ च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. ते केलं महिला सन्मान म्हणून. त्याने शहराच्या ताटात किती भाजी वाढली, हे मोजायचं कोणाच्या मनातही आलं नसेल. आमची मावशी मात्र तेव्हापासून आठवड्यातून एकाऐवजी दोन बाजार करते. गाठोड्याचं लगेज कंडक्टरच्या मूडवर.

आणि मोजणारे इथे कमी आहेत का? अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, देशभरच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था आहे. वर्धा रोडवर कापसाची आहे. नेहरू मार्गावर पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था, नीरी आहे. महाराजबागेला लागून १९०६ चं कृषी महाविद्यालय, ज्याची शेतं अजून शहराच्या मधोमध हिरवी दिसतात. माती, पाणी, पीक यांवर एवढी विद्या एका गावात गोळा झाली आहे, पण तिला कोणी विचारत नाही, की बाई, आमची पालेभाजी कुठल्या गावातून येते आणि दहा वर्षांनी कुठून येईल? महानगर प्रदेशाची आखणी झाली, साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं क्षेत्र आणि सातशेहून अधिक गावं त्यात घेतली. या गावांतल्या काळ्या मातीत सातबारावर आधी भाजी, मग पडीत, मग प्लॉट, हा प्रवास आम्ही बेसा रोडवर डोळ्यांनी पाहिला. मीही अशाच एका प्लॉटवर घर बांधून राहतो आहे, तेव्हा फार आवाज चढवायचा मला अधिकार नाही.

नागनदीच्या भाजीचा उल्लेख केल्याशिवाय नागपूरकराचं भाजीपुराण पुरं होत नाही. ‘नागनदीची तर नाही ना?’ हा प्रश्न पालकाची जुडी हातात घेऊन अर्धं शहर विचारतं, आणि विकणारा शपथेवर नाही म्हणतो. शहराचं सांडपाणी नागनदीतून खाली जातं, काठचे शेतकरी तेच पाणी उपसतात कारण बारमाही वाहणारं दुसरं पाणी तिथे नाही, पुढे ते गोसेखुर्द धरणापर्यंत पोचतं. यावर ‘त्या शेतकऱ्यांवर कारवाई करा’ अशी मागणी अधूनमधून होते. घाण आपण सोडायची आणि कारवाई त्याच्यावर! शुद्ध केलेलं सांडपाणी वापरण्यात नागपूर देशात पुढे आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. भांडेवाडीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राहून दिवसाला १३० दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याचा प्रकल्प इथलाच. धरणाचं तेवढं गोडं पाणी वाचलं, चांगलंच झालं. आता यातला एक वाटा नदीकाठच्या भाजीवाल्यांना रीतसर द्यावा, त्या भाजीची तपासणी नेमाने व्हावी आणि निकाल बाजारात फलकावर लागावा. मग जुडी हातात घेऊन शपथा घालायची गरज पडणार नाही.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते या शहराचं देतो. १९९३ मध्ये त्या शहराने अन्न हा नागरिकाचा हक्क मानून त्यासाठी वेगळं खातंच उघडलं. स्वस्त जेवणाची लोकभोजनालयं काढली. आपल्या शिवभोजन थाळीची ती मोठी बहीण म्हणा. पण मला आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. शहराने मोक्याच्या सरकारी जागा भाजी विकणाऱ्यांना दिल्या, अट अशी, की ठरावीक जिनसा ठरलेल्या कमी भावात विकायच्या, आणि चांगली जागा ज्याला मिळाली त्याने शनिवार-रविवारी माल घेऊन गरीब वस्त्यांत जायचं. जागा हेच अनुदान. या सगळ्यावर शहराच्या अर्थसंकल्पाचे दोन टक्केही लागत नव्हते. आपल्याकडे अन्नधोरण म्हटलं की लगेच शीतगृहांची साखळी, गच्चीवरच्या बागा, परिषदा. गच्चीवर मीही वांगी लावली होती. मेमध्ये त्यांची भाजलेली वांगी झाडावरच झाली, भरीत करायचं तेवढं राहिलं.

जागेपुरता आपल्याकडेही कायदा आहे. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा सांगतो, की शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घ्यायचे. २४ लाखांचे अडीच टक्के म्हणजे साठ हजार. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवालेच हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार म्हणून जाहीर करायचं, तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असंही त्यात आहे. नागपुरात पन्नास वर्षं जुना बाजार शोधायला कुठे जायचं? वारांची नावंच पुरावा आहेत. पण हा कायदा मुळात शहरात रोज बसून किंवा फिरून विकणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे असं मला वाटतं. आठवड्यातून एकदा येणारी, शहरात न राहणारी, पिकवणारी आणि विकणारी एकच बाई सर्वेक्षणाच्या दिवशी सापडली तर सापडली.

मग करायचं काय? माझी मागणी लहान आहे. प्रत्येक मोठ्या ले-आउटमध्ये नियमाप्रमाणे दहा टक्के जागा मोकळी सोडलेली असते. आमच्याकडे आहे. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. आत चार बाकं, कमरेएवढं गवत, एक घसरगुंडी. ही जागा खेळायला-फिरायला राखलेली आहे, बाजाराला नाही, आणि नियम तसाच वाचला तर तिथे भाजीचं एक टोपलंही ठेवता येणार नाही. म्हणून आधी नियमात एक वाक्य घालावं लागेल : आठवड्यातून एक दिवस, ठरावीक तास, अशा मोकळ्या जागेत शेतमालाचा बाजार भरू शकेल. राज्याने २०२० मध्ये बांधकामाची एकत्रित नियमावली आणली, त्यानंतर तीत बदल होतच आले आहेत. बिल्डरांसाठी झाले, भाजीसाठीही एक होऊ द्या. पुढच्या विकास आराखड्यात ‘आठवडी बाजार’ हे आरक्षण दवाखाना आणि शाळेच्या शेजारी दिसलं पाहिजे. मैदानाला एक नळ, दोन दिवे, एक मुतारी, उन्हाळ्यात हिरवी जाळी. उष्माघात कृती आराखडा या शहराने केलेलाच आहे, जाळीचा खर्च त्यात सहज बसेल. सावलीत सांबार जास्त वेळ टिकतो, हे शीतगृहाशिवायचं शीतगृह. उरलेला पाला तिथेच एका खड्ड्यात किंवा जवळच्या गोठ्यात. बाजाराचा ओला कचरा इतका निर्मळ असतो की तो भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकणं हा निव्वळ करंटेपणा आहे.

मैदान खराब होईल, मुलं कुठे खेळतील, असं विचारतील. विचारावंच. पण आमच्या मैदानात मुलं खेळत नाहीत, कारण कुलूप आहे.

सह्यांचा कागद घेऊन आलेले गृहस्थ आमच्या समितीचे पदाधिकारी आहेत आणि किल्ली त्यांच्याकडेच असते. मी त्यांना म्हटलं, रस्त्यावरचा बाजार उठवायला माझी सही घ्या, पण त्याच अर्जात दुसरा परिच्छेद लिहा : बाजार मैदानात भरवायला परवानगी द्यावी. दोन्ही एकदम मागू. ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो. कागद घडी करून खिशात घातला आणि गेले. परवा शनिवारी बाजारात भेटले तेव्हा त्या मावशीसमोरच बसले होते, काटवलांचा भाव करत. कागदाचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही अर्धा किलो घेतली.